मँड्रिलचा निळा रंग टिकतो, तांबडा सत्तेबरोबर येतो-जातो

परदेशातील एका प्राणिसंग्रहालयात मँड्रिल हे आफ्रिकेतले रंगीत तोंडाचे माकड पाहून आलेल्या एका वाचकाने चार प्रश्न विचारले आहेत. हा प्राणी म्हणजे बबून या लांब तोंडाच्या दणकट आफ्रिकी माकडाचाच एक प्रकार आहे का? त्याच्या तोंडावरचे आणि पार्श्वभागावरचे रंग जन्मतः असतात की पुढे येतात, आणि ते कशामुळे दिसतात? सर्वांत भडक रंगाचा नर हाच कळपाचा नायक असतो का? आणि काचेपलीकडच्या नराने मुलीकडे पाहून दात दाखवले, म्हणजे तो चिडला होता का? थोडक्यात सांगायचे तर तो बबून नाही. निळा रंग वयाबरोबर येतो आणि टिकतो, तांबडा मात्र नराच्या स्थानाप्रमाणे चढतो आणि उतरतो. भडक नर इतर नरांवर वरचढ असतो, पण कळप त्याच्या मालकीचा नसतो. आणि दात दाखवणे बहुधा रागाचे नसून सलोख्याचे असते. यांतल्या तिसऱ्या उत्तराकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे, कारण मँड्रिलविषयीचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

मँड्रिल मध्य आफ्रिकेच्या पश्चिम भागातील विषुववृत्तीय वर्षावनात राहतो. दक्षिण कॅमेरून, विषुववृत्तीय गिनीचा मुख्य भूमीवरचा प्रदेश, गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकाचा नैर्ऋत्य भाग एवढाच त्याचा मुलूख. उत्तरेला कॅमेरूनमधली सानागा नदी ही त्याची सीमा मानली जाते. नदीच्या पलीकडे, नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंत आणि समुद्रातल्या बिओको बेटावर, त्याचा सख्खा भाऊबंद शोभणारा ड्रिल राहतो. त्याचे तोंड काळे कुळकुळीत असते आणि रंगांची हौस त्याने मुख्यतः पार्श्वभागापुरतीच राखली आहे. खुद्द मँड्रिलमध्येही गॅबनमधल्या ओगोवे नदीच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे असे दोन आनुवंशिक गट आढळतात. त्यांच्या शरीरात नांदणाऱ्या, माणसातील एचआयव्हीशी नाते सांगणाऱ्या विषाणूचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांची वाटणी बरीचशी या नदीशी जुळते. या विषाणूमुळे मँड्रिल सहसा आजारी पडत नाहीत, म्हणूनच एचआयव्हीच्या अभ्यासकांना त्यांच्यात रस असतो.

आता बबूनचा प्रश्न. लांबट थूथन, बळकट बांधा आणि जमिनीवरचा वावर पाहून जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनी मँड्रिलला बबूनच्या पंक्तीत बसवले होते आणि अनेक प्राणिकोशांतून ते अजून तिथेच बसलेले दिसतात. आनुवंशिक पुरावा वेगळे सांगतो. मँड्रिल आणि ड्रिल यांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पांढऱ्या पापण्यांचे, जंगलाच्या जमिनीवर चरणारे मँगबे नावाचे माकड. हे मँगबे दिसायला सडपातळ आणि साधे असतात, त्यामुळे केवळ बाह्यरूप पाहून हे नाते कोणालाही सुचले नसते. १९९९ मध्ये हाडांच्या आणि दातांच्या तुलनेतून त्याला दुजोरा मिळाला. मँड्रिल आणि हे मँगबे यांच्या उपदाढा नेहमीपेक्षा मोठ्या असतात आणि खांद्याच्या व पुढच्या हातांच्या हाडांवर दणकट स्नायूंच्या खुणा असतात. दोघांचा उद्योग एकच आहे. जंगलाच्या तळाशी साचलेला पालापाचोळा उपसायचा, कुजके ओंडके फोडायचे आणि झाडांवरून पडून महिनोन्महिने तसेच राहिलेले, इतरांना न फुटणारे टणक बी दातांखाली फोडून खायचे. ज्या दिवसांत झाडांवर फळे नसतात, त्या दिवसांत हे कौशल्यच पोट भरते. बबूनचे थूथनही लांबच, पण ते त्याला वेगळ्या वाटेने मिळालेले आहे.

नर आणि मादी यांच्या आकारातला फरक पाहिला, तर एकाच जातीचे प्राणी पाहत आहोत यावर विश्वास बसणे कठीण जाते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीस किलोच्या पुढे जाते; मादी साधारण बारा किलोची. नराचे सुळे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, मादीचे जेमतेम एक सेंटिमीटर. माकडांच्या सर्व जातींत मँड्रिल नर आकाराने सर्वांत मोठा आहे, आणि नर-मादीच्या वजनातील तफावतीतही हीच जात आघाडीवर आहे. इतकी तफावत जिथे दिसते, तिथे नरांमध्ये माद्यांसाठी जीवघेणी चुरस असणार, असा अंदाज अभ्यासक आधीच बांधतात, आणि मँड्रिलच्या बाबतीत तो खरा ठरतो.

रंगांकडे येऊ. नराच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना हाडांचे उंच फुगवटे असतात आणि त्यांच्यावरची वळ्या पडलेली कातडी निळी असते. नाकाची मधली पट्टी आणि नाकपुड्यांभोवतीचा भाग तांबडा, हनुवटीवर पिवळसर नारिंगी दाढी, अंगावर हिरवट झाक असलेली तपकिरी लव, आणि मागे आखूड शेपटीखाली निळा, जांभळा, गुलाबी आणि लाल यांची चढाओढ. सस्तन प्राण्यांत इतक्या अजब रंगांचा दुसरा प्राणी नाही, अशा अर्थाचे विधान चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये केले होते. लैंगिक निवडीचा, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चुरशीतून काही गुण टिकून राहतात हा, सिद्धांत मांडताना मँड्रिल त्यांच्या फार उपयोगी पडला. सस्तन प्राण्यांत रंग बहुतेक केसांत असतात आणि तेही काळा, तपकिरी, पिवळट एवढ्याच पट्ट्यातले; उघड्या कातडीवर निळा रंग ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन या प्रथिनाचे बारीक तंतू एकमेकांना समांतर, जवळजवळ सारख्या अंतरावर रचलेले असतात. या अंतरामुळे प्रकाशातला निळा भाग एकमेकांना बळ देत परत फेकला जातो आणि उरलेला प्रकाश खालच्या काळ्या मेलॅनिनच्या थरात शोषला जातो. पूर्वी आकाश ज्या कारणाने निळे दिसते, तेच कारण इथेही लावले जाई. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाने ते बाजूला सारले, कारण आकाशातल्या कणांना कोणतीही रचना नसते आणि इथे सारी करामत रचनेची आहे. आफ्रिकेतल्याच व्हर्व्हेट माकडाच्या वृषणकोशाचा निळा रंग याच पद्धतीने तयार होतो.

तांबडा रंग पूर्णपणे वेगळा. तो कातडीच्या पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा रंग आहे, आणि त्या भागाला किती रक्त पुरवायचे हे टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली ठरते. म्हणजे एकाच चेहऱ्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन रंगांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. निळा रंग ही बांधकामातली गोष्ट आहे. एकदा तंतू रचले गेले की ते रोज बदलत नाहीत. तांबडा रंग वाहता आहे, त्यामुळे तो शरीराच्या आजच्या स्थितीप्रमाणे बदलू शकतो. मँड्रिलच्या चेहऱ्याविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याची माहिती मुख्यतः गॅबनमधल्या फ्रान्सव्हिल येथील वैद्यकीय संशोधन केंद्रातून मिळाली. १९८३-८४ मध्ये तिथे सात नर आणि आठ माद्या असे पंधरा मँड्रिल साडेसहा हेक्टरांच्या कुंपणबंद जंगलात सोडण्यात आले. पुढे त्यांचा विस्तार झाला, जन्ममृत्यूंची नोंद राहिली आणि रक्ताच्या नमुन्यांवरून प्रत्येक पिल्लाचा बापही ठरवता आला. घनदाट जंगलात मोकाट फिरणाऱ्या कळपात हे दीर्घकाळ अशक्यच होते. या कळपात प्रमुख नराचे स्थान एखाद्याने पटकावले, की पुढच्या काळात त्याचे वृषण आकाराने वाढत, रक्तातले टेस्टोस्टेरॉन वाढे, चेहरा आणि जननेंद्रिये अधिक लाल होत आणि छातीवरच्या गंधग्रंथीचा स्राव वाढे. स्थान गमावलेल्या नरात उलट प्रवास सुरू होई. वृषण लहान होत, लाली ओसरे, तो कळपाच्या कडेला सरके. निळ्या रंगात मात्र या घसरणीमुळे फरक पडत नसे. पदावरून उतरलेला नर अशा रीतीने अर्धा चेहरा पूर्वीचाच घेऊन फिरतो.

क्रम असा आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. नर आधी लाल होतो आणि मग त्या जोरावर प्रमुख बनतो असे नाही. आधी तो लढून किंवा दबाव आणून जागा मिळवतो आणि लाली मागाहून चढते. एकदा ती चढली की तिचा उपयोग सुरू होतो. दोन नरांच्या लालीत मोठा फरक असेल, तर फिका नर बहुधा आपणहून बाजूला होतो. दोघे जवळपास सारखे लाल असतील, तर मात्र प्रकरण धमक्या आणि मारामारीपर्यंत जाण्याची शक्यता वाढते. साडेचार सेंटिमीटरच्या सुळ्यांच्या दोन प्राण्यांनी प्रत्येक वाद दातांनी सोडवायचे ठरवले, तर दोघेही फार काळ टिकणार नाहीत. म्हणून लांबूनच ताकद जोखता येणे दोघांच्याही हिताचे असते. वर्षावनाच्या अंधुक उजेडात लाल पट्टीला लागून असलेली निळी कड हा विरोध आणखी उठावदार करते, आणि रंगदृष्टीचे गणित मांडून केलेल्या अभ्यासातही नराच्या स्थानाशी हा लाल-निळा विरोध जुळताना दिसला. या माकडांना आपल्यासारखीच तीन मूळ रंगांची दृष्टी असते, त्यामुळे आपल्याला जे भडक दिसते ते त्यांनाही भडकच दिसते.

सर्व प्रौढ नर एकाच साच्यातले नसतात. काही नर धष्टपुष्ट असतात, त्यांच्या पार्श्वभागावर चरबीची गादी असते, रंग झगझगीत असतो आणि ते माद्यांच्या आसपास राहतात. काही नर तितक्याच वयाचे असूनही सडसडीत आणि फिके राहतात व एकटेदुकटे फिरतात. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन कमी आढळते. हे दोन जन्मजात प्रकार नव्हेत. संधी मिळाली तर फिका नरही रंगात येऊ शकतो.

या चुरशीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. फ्रान्सव्हिलच्या कळपाच्या सुमारे वीस वर्षांच्या नोंदींनुसार वयात आलेल्या प्रत्येक मादीला पिल्ले झाली, पण वयात आलेल्या ५३ नरांपैकी केवळ १७ नर बाप झाले. एका नराला जास्तीत जास्त ४१ पिल्ले झाली, तर एका मादीला जास्तीत जास्त १७. मादीचे पहिले बाळंतपण सरासरी चार वर्षांच्या सुमारास होई. नराला पहिले पिल्लू होईपर्यंत अकरा-बारा वर्षे उलटत. ज्या नरांची कारकीर्द नोंदींच्या काळातच संपली, त्यांना बाप होण्यासाठी सरासरी तीन वर्षेही मिळाली नव्हती. एकूण पिल्लांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिल्ले त्या त्या वेळच्या प्रमुख नराची होती. तांबडा रंग इतका महाग का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. अर्थात हा कळप कुंपणातला होता, त्याला खाणे पुरवले जात होते आणि नरांना दूर निघून जाण्याची सोय नव्हती. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे जंगलाला लावू नयेत.

आता तिसरा प्रश्न. प्राणिसंग्रहालयातला फलक सहसा सांगतो की एक बलवान नर, त्याच्या ताब्यात डझनभर माद्या आणि त्यांची पिल्ले, असे मँड्रिलचे कुटुंब असते. पिंजऱ्यातली रचना माणसाने तशी केलेली असते, म्हणून ती तशी दिसते. गॅबनच्या लोपे राष्ट्रीय उद्यानातले चित्र पाहिले की हा समज टिकत नाही. लोपेमध्ये सलग वर्षावनाच्या उत्तरेला गवताळ माळ आणि त्यांतून गेलेल्या जंगलाच्या पट्ट्या आहेत. एका पट्टीतून दुसरीत जाताना मँड्रिलना उघड्यावर यावे लागते, आणि त्या वेळी त्यांचे चित्रीकरण करून नंतर सावकाश एकेक डोके मोजता येते. अशा मोजणीत कळपांची सरासरी सहाशेवर गेली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत सर्वांत मोठा कळप ८४५ जणांचा निघाला. माणसाखेरीज कोणत्याही प्रायमेट (माकड-वानरांच्या गणातल्या) प्राण्याचे इतके मोठे, एकसंध राहणारे समूह जंगलात क्वचितच आढळतात. सर्व जंगलांत कळप एवढे मोठे असतात असे नव्हे. गॅबनच्या नैर्ऋत्येला मुकालाबा-दुदू उद्यानात मोजलेले कळप काही शेकड्यांचेच होते.

त्याच मोजणीत दुसरी गोष्ट पुढे आली, आणि मला ती कळपाच्या आकारापेक्षाही महत्त्वाची वाटते. वर्षाचा मोठा भाग या शेकडोंच्या समूहात पूर्ण वाढलेले नर जवळजवळ नसतातच. माद्या, त्यांची पिल्ले आणि वयात न आलेले नर एवढ्यांचाच तो कळप असतो. माद्यांच्या समागमाचा हंगाम जवळ आला, म्हणजे साधारण जूनपासूनच्या कोरड्या महिन्यांत, की एरवी एकेकटे फिरणारे मोठे नर कळपात दाखल होऊ लागतात आणि हंगाम ओसरला की पुन्हा जंगलात पांगतात. माजावर आलेल्या मादीच्या पार्श्वभागावर लालसर सूज येते. त्या दिवसांत वरचढ नर तिच्या मागे मागे राहून इतर नरांना जवळ फिरकू देत नाही. गर्भकाळ साधारण १७५ दिवसांचा असल्याने बहुतेक पिल्ले वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, पावसाळी आणि खाण्यापिण्याच्या दृष्टीने बऱ्या काळात जन्मतात.

मादी जन्मभर आपल्या जन्मकळपात राहते. आई, बहिणी, मावश्या आणि त्यांच्या मुली यांच्या गोतावळ्यावर कळपाची वीण उभी असते, आणि मुलीचे स्थान आईच्या स्थानावरून ठरते. कुंपणातल्या कळपात कोण कोणाजवळ बसतो, कोण कोणाच्या अंगावरचे केस निवडतो याचे जाळे काढून पाहिले, तेव्हाही मध्यभागी माद्याच आढळल्या आणि मोठे नर कडेला. नर मुलगे सहाव्या वर्षाच्या आसपास कळपापासून दूर होऊ लागतात. पूर्ण रंग चढायला नववे-दहावे वर्ष उजाडते. म्हणजे ज्या चेहऱ्यामुळे ही जात जगभर ओळखली जाते, तो चेहरा तिच्या सामाजिक जीवनात वर्षातले काही महिनेच हजेरी लावतो. नराचा रंगीत पार्श्वभाग हा दाट झाडीत कळपाला मागोमाग येण्यासाठीचा निशाण आहे, असे स्पष्टीकरण अजूनही दिले जाते. जो बहुतेक वर्ष कळपातच नसतो, त्याने कळपाला वाट दाखवायची कशी, हा साधा प्रश्न विचारला की ते गळून पडते. नराचा चेहरा म्हणजे त्याच्याच जननेंद्रियांची नक्कल आहे, ही १९६० च्या दशकातली कल्पना कल्पक होती, पण तिच्या बाजूने ठोस काही जमा झाले नाही.

माद्याही रंगहीन नसतात, हे या गदारोळात विसरले जाते. त्यांच्या नाकावर फिकट निळसर झाक असते आणि अनेक माद्यांच्या चेहऱ्यावर गुलाबी-तांबडा रंग दिसतो. तो ऋतुचक्राप्रमाणे व बाळंतपणांच्या अनुभवाप्रमाणे बदलतो, मात्र मादीच्या सामाजिक स्थानाशी त्याचा नरासारखा सरळ संबंध आढळलेला नाही.

शेकडोंच्या कळपात आपले कोण आणि परके कोण हे कसे ओळखायचे? आईकडचे नाते ओळखणे सोपे, कारण पिल्लू आईच्या पोटाला धरून वाढते आणि तिच्याभोवती जे जमतात ते नातलग. बापाकडचे नाते कोणी सांगत नाही, कारण बाप निघून गेलेला असतो. मात्र एका हंगामात एकच नर बहुतेक पिल्लांचा बाप असल्याने कळपात एकाच वयाची सावत्र भावंडे पुष्कळ असतात. दक्षिण गॅबनमधल्या बाकुम्बा गावाजवळ लेकेदी उद्यान आहे. फ्रान्सव्हिलच्या कळपातले काही मँड्रिल २००२ आणि २००६ मध्ये तिथे सोडण्यात आले, त्यांचा एक मोकळा कळप तयार झाला आणि २०१२ पासून तिथे सलग संशोधन चालू आहे. या कळपातल्या चेहऱ्यांची हजारो छायाचित्रे संगणकाला शिकवून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बापाच्या पण वेगवेगळ्या आयांच्या बहिणींचे चेहरे, एकाच आईच्या पण वेगवेगळ्या बापांच्या बहिणींच्या चेहऱ्यांपेक्षा एकमेकींशी अधिक जुळतात, असे त्यात दिसून आले. आनुवंशिक वाटा दोन्हीकडे तेवढाच आहे, तरीही चेहरा बापाकडच्या बहिणींत अधिक सारखा निघतो. चेहऱ्यातले साम्य हेच बापाच्या नात्याची खूण म्हणून उत्क्रांतीत जोपासले गेले असावे, असा तर्क अभ्यासकांनी त्यावरून केला. पुढच्या अभ्यासात आया आपल्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या पिल्लांच्या आसपास अधिक राहतात, असेही आढळले. मला हे संशोधन रंगांच्या संशोधनाइतकेच मोलाचे वाटते, कारण यात चेहऱ्याचा उपयोग दिमाखासाठी होत नाही, तर नाती टिकवण्यासाठी होतो.

चेहऱ्याखेरीज नाकही तितकेच कामाचे आहे. मँड्रिलच्या छातीवर गंधग्रंथी असते आणि विशेषतः वरचढ नर ती झाडांच्या खोडांवर घासून जातात. याच लेकेदीच्या कळपात, पोटातल्या संसर्गजन्य परजीवींची बाधा झालेल्या सोबत्याचे अंग साफ करणे इतर मँड्रिल टाळतात, असे २०१७ मध्ये दाखवून देण्यात आले. बाधितांच्या विष्ठेचा वास वेगळा असतो आणि तो त्यांना कळतो. औषध देऊन परजीवी घालवल्यावर त्याच सोबत्याच्या वाट्याला पुन्हा अधिक सेवा येऊ लागली. अपवाद होता तो आईकडच्या जवळच्या नात्याचा: आई आणि तिच्या लेकरांमध्ये आजारपणातही ही सेवा कमी झाली नाही.

आहाराबद्दल थोडक्यात पुरे. फळे आणि बिया हा मुख्य भाग, त्यांत वेलदोड्याच्या कुळातल्या रानटी झाडांचा गर, तेलमाडाची फळे, कंदमुळे, कवके, मुंग्या, वाळवी आणि नाकतोडे यांची भर. अधूनमधून एखादे लहान कासव किंवा पक्ष्याची अंडीही त्यात येतात. घाईत जमवलेले खाणे गालांतल्या पिशव्यांत भरून पुढे चालत राहता येते. शेकडो तोंडे एका जागी फार काळ भागवता येत नाहीत, म्हणून कळपाला सतत फिरावे लागते. लोपेमधल्या रेडिओ पट्टे घातलेल्या एका कळपाचा वावर १८२ चौरस किलोमीटरांवर पसरलेला आढळला, आणि त्यातला साधारण निम्माच भाग त्यांच्या कामाचे जंगल होता. झाडीत एकमेकांना हरवू नये म्हणून माद्या आणि पिल्ले एक कर्कश हाक सतत देत राहतात. मोठ्या नराचा घुमणारा, दोन टप्प्यांचा हुंकार वेगळा ओळखू येतो.

याच गोंगाटामुळे शिकाऱ्यांना कळप सहज सापडतो. रानमांसासाठी होणारी शिकार हा मँड्रिलपुढचा सर्वांत मोठा धोका आहे. जंगलतोड आणि त्यासाठी पाडलेले रस्ते शिकाऱ्यांना आत नेतात. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ही जात असुरक्षित गटात आहे, ड्रिल त्याहून वाईट, म्हणजे संकटग्रस्त गटात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातील सर्वांत कडक बंधनाच्या परिशिष्टात दोघांचाही समावेश आहे. गॅबनने २००२ मध्ये तेरा राष्ट्रीय उद्याने जाहीर केली, त्यांत लोपे आहे, आणि मँड्रिलच्या दृष्टीने तो निर्णय फार मोलाचा ठरला. पण उद्यानाच्या हद्दीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. लोपेतल्या झाडांची १९८६ पासून दर महिन्याला नोंद ठेवली जाते, आणि पिकलेली फळे सापडण्याचे प्रमाण २०१८ पर्यंत ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तिथल्या हत्तींची प्रकृती त्याच काळात खालावलेली आढळली. टणक बिया फोडून खाणाऱ्या प्राण्याकडे अडचणीच्या दिवसांसाठी हत्तीपेक्षा एक उपाय अधिक असतो, परंतु बी शेवटी फळातूनच यायचे आहे.

राहिला दात दाखवण्याचा प्रश्न. मँड्रिल ओठ मागे खेचतो, तोंडाचे कोपरे वर जातात, मधला भाग मिटलेलाच राहतो आणि बाजूंनी सुळे दिसतात. बरोबर डोके हलकेच डावी-उजवीकडे हलते आणि कधी डोक्यावरचा तुरा उभा राहतो. हा भाव मँड्रिलमध्ये शांततेचा असतो. नर मादीजवळ जाताना, आई पिल्लाला बोलावताना किंवा तंटा मिटल्यावर तो दिसतो. आपल्याकडच्या माकडांची सवय असलेल्या प्रेक्षकाची इथे फसगत होते. महाराष्ट्राच्या गडांवर आणि देवळांच्या आवारात दिसणाऱ्या लालतोंड्या माकडांच्या कुळात आवाज न करता दात दाखवणे म्हणजे मुख्यतः भीती आणि शरणागती, म्हणून दोन्हीकडच्या हावभावांचा एकच अर्थ लावू नये.

मँड्रिलचा राग वेगळा ओळखायचा असतो. तो एकटक रोखून पाहतो, डोके पुढे काढून झटके देतो, हाताने जमिनीवर थापट्या मारतो आणि कधी अचानक काचेवर झेपावतो. तोंड पूर्ण उघडून दिलेली लांब जांभई हीदेखील पुष्कळदा झोपेची नसून ताणाची असते, आणि तीत सुळ्यांची पूर्ण लांबी समोरच्याला दिसते. वाचकाने वर्णन केलेल्या प्रसंगात नर बसून होता, डोके हलवत होता आणि नजर अधूनमधून दुसरीकडे वळवत होता. यावरून तो सलोख्याचाच भाव होता असे म्हणता येईल. मुलीने उत्तरादाखल त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिले असते, तर त्याच्या दृष्टीने आव्हान तिच्याकडून आले असते. त्यामुळे काचेसमोर उभे राहताना थोडे तिरपे उभे राहावे, नजर नाकावरच्या पट्टीवर ठेवावी आणि पिंजऱ्यात दुसरा मोठा नर असेल तर दोघांच्या पट्ट्यांची लाली ताडून पाहावी. त्या दोघांत कोण कोणाला वाट देतो, हे थोड्या वेळात दिसून येते.